ग्रिपरच्या बोटात उलथणं फिरतंय आणि एफएसआरला पत्ताच नाही

अर्धवट_इंजिनिअर:
नमस्कार मंडळी, फायनल इयरचा प्रोजेक्ट आहे, दोन बोटांचा ग्रिपर (वस्तू पकडणारा रोबोटचा हात), प्रत्येक बोटाच्या टोकाला एक एफएसआर (दाब मोजणारा पातळ सेन्सर) आणि वरून सिलिकॉनची टोपी. टोमॅटो मस्त उचलतो, अंडं पण उचललं (तिसरं. पहिली दोन ओट्यावर फुटली, आईला अजून सांगितलं नाहीये). पण काल लोखंडी उलथणं दांड्याच्या टोकाला धरून उचलायला लावलं तर ते हळूहळू फिरून पार खाली लोंबकळलं आणि रीडिंग ढिम्म, हललंच नाही. ग्रिप वाढवू का सेन्सर बदलू? बजेट बेताचं आहे.

खटपट्या:
भावा सेन्सर बिघडलेला नाही, त्याला फक्त सरळ दाब कळतो, कडेने ओढणारा जोर कळत नाही आणि टॉर्क (वस्तू फिरवणारा जोर) तर नाहीच नाही. हिशोब करून बघ. उलथणं ६० ग्रॅमचं आणि त्याचा तोलबिंदू पकडीपासून १० सेंमीवर धरला तर टॉर्क साधारण ६० न्यूटन-मिमी. नुसतं वजन पेलायला, घर्षणांक ०.८ धरला तर, एका बोटाला ०.४ न्यूटन पण लागत नाही. पण फिरणं अडवायचं काम सिलिकॉन टेकलंय तेवढ्याच चकतीवर, तिची त्रिज्या समज ४ मिमी आणि दाब सगळीकडे सारखा, तर दोन बोटांचा मिळून टॉर्क (न्यूटन-मिमीत) येतो एका बोटाच्या दाबाच्या (न्यूटनमध्ये) सव्वाचार पट. म्हणजे ते ६० अडवायला एका बोटाला लागले १४ न्यूटन, जवळपास दीड किलो! तेवढ्या ग्रिपने पुढचा टोमॅटो धरलास तर थेट कोशिंबीर.

अर्धवट_इंजिनिअर:
बाप रे, ०.४ आणि १४?? मग हॉल सेन्सरवाला प्रकार कसा आहे, सिलिकॉनमध्ये छोटं मॅग्नेट आणि खाली त्याचं फील्ड मोजणारी एमएलएक्स ९०३९३ चिप, तीन अक्षांचा जोर मिळतो म्हणे

सोल्डरताई:
मिळतात, आणि स्वस्तात मिळतात, पण तू लोखंडी उलथणं धरणार आहेस ना रे? लोखंड जवळ आलं की मॅग्नेटचं फील्डच बदलतं, हात न लावता जोर दिसायला लागेल. शिवाय एका मॅग्नेटवरून पीळ नीट सुटा काढता येत नाही.

मी असते तर बोटाचं मधलं पेर ॲल्युमिनियमच्या पट्टीचं केलं असतं आणि त्यावर स्ट्रेन गेज (पट्टी किती वाकली ते मोजणारा, चिकटवायचा पातळ सेन्सर). गंमत अशी की एकाच जागी गेज लावलंस तर वस्तू बोटाच्या शेंड्याला टेकली का जरा मागे, त्यावर रीडिंग बदलतं, जोर तोच असला तरी. म्हणून गेज दोन जागी लाव, समज २० मिमी अंतराने, दोन्हीकडच्या बेंडिंग मोमेंटमधला (त्या जागी पट्टीला वाकवणाऱ्या टॉर्कमधला) फरक भागिले २० म्हणजे जोर, वस्तू कुठेही टेकू दे. हे झालं पॅडच्या (सिलिकॉन टोपीच्या) दाबाच्या दिशेने. पट्टीच्या कडेच्या बाजूंना तशीच दुसरी जोडी लावलीस की आडवा जोर निघतो आणि त्याचा वाटा वजा केला की उरतो तो तुझा उलथण्याचा टॉर्क. (वजा करताना टेकण्याची जागा लागते, पॅडचा मध्य धरून चाल.)

खटपट्या:
+१. सहा अक्षांचा (तीन दिशांचा जोर आणि तीन अक्षांभोवतीचा टॉर्क मोजणारा) रेडिमेड सेन्सर पण असतो, एटीआयचा नॅनो १७, व्यास फक्त १७ मिमी. टोपीचा आकार माहीत असला की त्या सहा आकड्यांवरून वस्तू कुठे टेकली तेही काढता येतं, बिकी, सॅलिसबरी आणि ब्रॉक यांचा १९९३ चा पेपर आहे त्यावर. किंमत मात्र विचारू नकोस.

अजून एक, स्ट्रेन गेजचं रीडिंग आकड्यात बदलायला एचएक्स ७११ चिप घेशील तर बऱ्याच बोर्डांवर तो सेकंदाला १० च रीडिंग देतो, रेट पिन ग्राउंडला जोडलेली असते. ती सोडवून हाय केलीस की ८०. हळूहळू फिरणं ८० मध्ये पकडशील, पण घसरताना जी बारीक थरथर होते ती नाही मिळणार.

सोल्डरताई:
आणि वायरी! माझ्या पहिल्या बोटाला कायम उलटा टॉर्क दिसायचा, दोन दिवस कोड तपासत बसले, शेवटी कळलं की जाड वायरच बोटाला ओढतेय. पातळ एनॅमल वायर घे आणि सांध्यापाशी सैल वळसा ठेव.

अर्धवट_इंजिनिअर:
ताई भारी! आत्ताच फूटपट्टी दोन बोटांत टोकाला धरून बघितली, मी नकळत किती जोराने दाबतोय ते जाणवलं. झीरो (काही न धरता येणारं रीडिंग) एकदाच घेतला तर चालेल का?

सोल्डरताई:
नाही. बोट वळलं की टोपीचं स्वतःचं वजन दुसऱ्या दिशेने पडतं आणि सर्व्हो (बोट हलवणारी मोटर) तापला की पट्टी पण तापते. ज्या पोझमध्ये उचलणार त्याच पोझमध्ये, टेकायच्या जरा आधी, दरवेळी झीरो घे.