लाकडाच्या सर्क्युलर सॉने लोखंडी पाइप कापावा का?

प्रश्न : लाकूड कापण्याच्या सॉला (गोल पात्याच्या विजेवरच्या करवतीला) लोखंड कापण्याची चकती लावून २ मिमी जाडीचा चौकोनी पाइप कापला, तर चालेल का?

उत्तर १ : चकतीवर छापलेली फेऱ्यांची कमाल मर्यादा पाहावीच, परंतु खरा धोका ठिणग्यांचा आहे, कारण यंत्राच्या आवरणात आणि पिशवीत साठलेला भुसा आतल्या आत धुमसत राहतो आणि आग कधीकधी काम आटोपल्यानंतर भडकते.

उत्तर २ : माझ्या सॉचे प्लास्टिकचे गार्ड तापून वाकले आणि चकतीला घासू लागले. लोखंडाची धूळ मोटरीत गेली, ती वेगळीच.

प्रश्नकर्ता : ॲल्युमिनियमचे काय?

उत्तर १ : त्यासाठीचे कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाच्या दातांचे पाते लावून, तुकडा घट्ट आवळल्यास जमते. लोखंडावर मात्र लाकूड कापायचे पाते मिनिटाला सुमारे ५००० फेऱ्यांनी फिरवल्यास दात तुटून उडतात; तिथे अँगल ग्राइंडरच (हातात धरून चालवायचे चकतीचे यंत्र) वापरावा.