दहा रुपयांचं स्टायलस, आणि म्हणे महागड्या पेन्सिलच्या तोडीचं!

खोडरबर: काल इथे कुणीतरी टाकलंय, कान कोरायचा इअरबड, फॉइल आणि रिकामं बॉलपेन घ्या, दहा रुपयांत महागड्या डिजिटल पेन्सिलच्या तोडीचं स्टायलस, म्हणजे टॅबच्या स्क्रीनवर रेघा ओढायचं पेन, तयार. तोडीचं? अहो रेघ उमटते इथपर्यंत ठीक आहे, पण टोक पाच-सहा मिलिमीटरचं, त्याखाली काय काढतोय तेच दिसत नाही, कितीही दाबा रेघ तेवढीच जाड, तळहात टेकला की कोपऱ्यात भलताच डाग. डोळा काढायला जावं तर बटाटा होतो. आणि पोरं समजतात आपल्यालाच चित्रकला येत नाही.

सोल्डरकाका: टोक जाडच लागतं हो. कपॅसिटिव्ह स्क्रीनला, म्हणजे वीज वाहून नेणारा स्पर्श ओळखणाऱ्या टचस्क्रीनला, बोटाएवढा स्पर्श हवा, बारीक टोक तिला कळतच नाही. फॉइल हाताला लागलं पाहिजे, बड किंचित ओला पाहिजे. निम्मे लोक कोरडा बड घासतात आणि वर शिव्या देतात.

चारकोल_ताई: आणि फॉइलने स्क्रीनवर चरे पडतात ते?? माझ्या भाच्याने टॅबची वाट लावलीये.

सोल्डरकाका: फॉइलने नाही पडत. कठीणपणाच्या मोह्स मापावर अ‍ॅल्युमिनियम तीनच्याही खाली, काच साडेपाचच्या वर. चरे पाडते ती वाळू, क्वार्ट्झ, सात. भाच्याला आधी स्क्रीन पुसायला सांगा.

बोरूबहाद्दर: काका, अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर असतो, कुरुंदाचा दगडही त्याच ऑक्साइडचा, कठीणपणा नऊ! अर्धवट माहिती नका देऊ.

सोल्डरकाका: थर काही नॅनोमीटरचा, खाली लोण्यासारखा धातू. तुम्ही फॉइलने काच कापून दाखवा, मी चहा पाजतो.

चारकोल_ताई: माझा भाचा धुळीत खेळत नाही, आणि तुमचा तो कठीणपणाचा तक्ता मला नको. बोटांचे ठसे न उमटण्यासाठी वर जो लेप असतो तो तरी जातो की नाही ते सांगा.

सोल्डरकाका: घासून घासून जातो. बोटानेही जातो.

चारकोल_ताई: म्हणजे जातो. एवढंच विचारलं होतं!

खोडरबर: धागा स्टायलसचा होता, आठवण करून देतो.

पाटी_पेन्सिल: मी बोलू का, बक्कळ पैसेवाल्यांनी दाबाच्या पातळ्या मोजाव्यात. मी याच बडने एसटीत बसून माणसं काढते, उभं कोण, वाकलंय कोण, पिशवी कुठे, बास. डोळा काढतच नाही. झूम करून हळूहळू गिरवलं तर बारीकही जमतं. आणि २०११ च्या स्वस्त सरकारी आकाश टॅबलेटचा रेझिस्टिव्ह, म्हणजे दाबावर चालणारा, स्क्रीन आठवा, त्यावर नखाने, काडीने, कशानेही रेघ यायची, तेव्हा कुणी कलेच्या नावाने गळा काढला नाही.

खोडरबर: अशा झटपट स्केचसाठी चालेल, मान्य, घ्या, पेढे वाटा. पण दाब ओळखायला पेनने तो मोजून टॅबला कळवावा लागतो, किंवा २०११ च्याच गॅलॅक्सी नोट फोनसारखा स्क्रीनखाली वेगळा थर लागतो. त्या पेनात बॅटरी नव्हती तरी दाब कळायचा. कापसाला ते कसं कळणार? माझं भांडण फक्त "तोडीचं" या शब्दाशी आहे.

बोरूबहाद्दर: बड सोडा, आयसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक चिपा, ज्यात खोचून येतात तो फोम लावा. पुण्यात तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, विचारून बघा.

सोल्डरकाका: काळा घ्या, गुलाबी नको. गुलाबी फोम नुसती साचलेली स्थिर वीज घालवतो, वीज नीट वाहून नेत नाही, स्क्रीन ढिम्म. काळ्यालाही आधी मल्टिमीटर लावून वीज वाहते का बघा.

चारकोल_ताई: आणि त्याने चरे?