क्षेत्रकार्याच्या (लोकांमध्ये राहून करायच्या अभ्यासाच्या) प्रस्तावात नेमकं काय हवं?

प्रश्न: सामाजिक मानवशास्त्राच्या एम.ए. प्रबंधासाठी ‘स्थलांतर आणि नातेसंबंध’ हा विषय चालेल का? नोंदी कशा ठेवायच्या?

उत्तर १: हा विषय झाला, प्रश्न नव्हे. डोळ्यांना दिसेल इतकं खाली या: ‘बाहेरून आलेले पैसे कुणाच्या हातात पडतात, खर्च कोण ठरवतं?’ मग कुणाशी बोलायचं, कुठे बसायचं हे आपोआप ठरतं. मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्की १९१५ ते १९१८ या काळात दोन खेपांना न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड बेटांवर अभ्यासासाठी राहिले. एम.ए.ला हाताशी काही आठवडेच असतात, त्यामुळे घरं मोजकीच घ्या.

उत्तर २: जागेवर त्रोटक शब्द टिपा, सविस्तर त्याच रात्री लिहा. तासभराच्या निरीक्षणाला लिहायला निदान तासभर धराच. दोन दिवस गेले की लोकांचे शब्द विरतात, आपलेच उरतात. ‘ती रागावली’ नको. ‘तिने ताट सरकवलं, उत्तर दिलं नाही’ असं लिहा. तुमचा अर्थ समासात, वेगळ्या शाईने.

उत्तर ३: नीतिसमितीची (संशोधनात लोकांना त्रास होणार नाही ना, हे पाहणाऱ्या समितीची) मंजुरी आधी घ्या. आणि माणसांची ओळख लपवायला नुसतं टोपणनाव पुरत नाही! लहान वस्तीत ‘तीन मुली असलेली विधवा शिक्षिका’ म्हटलं की सगळे ओळखतात. विश्लेषणाला धक्का लागणार नाही असे तपशीलही बदला.