लाकडी घरटं: कोणी केलं, राहायला कोण आलं?

मंडळी, २० मार्च जवळ आला की (जागतिक चिमणी दिन, २०१० पासून) लाकडी घरटी वाटली जातात, फोटो निघतात. त्या घरट्यांचं पुढे काय होतं ते मात्र कळत नाही. म्हणून हा धागा. स्वतःच्या हाताने खोका ठोकला असेल तर लिहा: लाकूड कुठलं, भोक केवढं, टांगलं कुठे, राहायला कोण आलं. फसलेलं असेल तर आधी लिहा.

सुरुवात मीच करते. पार्ल्याला तळमजल्यावर राहतो, मागे हातभर अंगण आहे. कपाटाचं उरलेलं प्लाय कापून घर केलं. बाहेरून पिवळाधमक ऑइल पेंट, दाराशी बसायला काडी. जुलैत प्लायचे पापुद्रे सुटले, तळ फुगला, छप्पर एका अंगाने उचललं गेलं. चिऊचं घर मेणाचं म्हणतात, माझं शेणाचं निघालं.

मुलुंड पूर्व

ताई, आधी ती काडी काढा. चिमणीला तिची गरज नसते. कावळ्याला मात्र बसून आत चोच घालायची सोय होते.

मी फाउंड्रीत पॅटर्नमेकर (ओतकामाचे लाकडी नमुने करणारा) होतो, त्यामुळे माप सांगितल्याशिवाय राहवत नाही. पाऊण इंच जाडीची, सहा इंच रुंद, चार फूट लांब फळी घ्या. मागची बाजू १३ इंच, पुढची ९, दोन्ही कुशी मागे १० आणि पुढे ९ म्हणजे छपराला उतार येतो, तळ साडेचार. एवढ्यात फळी जेमतेम पुरते, करवतीची धार जाड असेल तर तेवढीही नाही. छपराला वेगळा तुकडा: आठ बाय दहा, पुढे तीन इंच बाहेर येईल असा. भोक सव्वा इंच, म्हणजे ३२ मिमी, तळापासून साधारण सहा इंचांवर. भोकाखाली आतून करवतीने आडव्या खाचा मारा, पिल्लांना चढायला पाय रोवता येतो. तळाचे चारही कोपरे छाटायचे, पाणी निथळतं. छपराखाली हवेसाठी दोन छिद्रं. एक कूस नुसती वर दोन खिळ्यांवर फिरती ठेवायची, खाली स्क्रू; पिल्लं उडून गेल्यावर उघडून जुना काडीकचरा काढता येतो.

आता मुंबईपुरतं. पाणी शिरतं ते छप्पर आणि मागची फळी जिथे भेटतात त्या सांध्यातून. लांबी (पुट्टी) भरून पाहिली, मेण ओतून पाहिलं. शेवटी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडून रिक्षाची फाटकी ट्यूब आणली आणि तिची पट्टी सांध्यावर चुका (बारीक खिळे) मारून बसवली. चार पावसाळे झाले. तोंड पूर्वेला ठेवा, आपला पाऊस पश्चिमेकडून झोडपतो. रंग नको, बाहेरून अळशीचं तेल, आतून काहीही नाही.

क्रेटचं पाइनवूड चालतं, पण शिक्का बघून घ्या. ‘एचटी’ म्हणजे तापवून कीड मारलेली. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं, ते नको.

गोरेगाव पूर्व, आरेच्या बाजूला

आमच्याकडे ३२ मिमीचा होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) नव्हता. सुतार म्हणाला, दोन इंचाचा आहे, मारू का? म्हटलं, मारा. आठवड्यात साळुंकीचं जोडपं हजर. चिमण्यांनी लांबून पाहिलं आणि निघून गेल्या. साळुंकीने आत काय नाही नेलं: दोऱ्या, शाम्पूच्या पुडीचा तुकडा, माझ्या मुलीचा केसाचा रबर.

पुढच्या वर्षी तसलंच दुसरं घर आंब्याच्या खोडाला बांधलं, तिथे दयाळ आला. पहाटे साडेपाचला वायरीवर बसून नर जी शीळ घालतो, त्यानंतर चिमणी आली नाही याचं दुःख उरलं नाही.

डोंबिवली (मुंबईत धरता ना?)

होल सॉ नसेल तर दहाचं नाणं ठेवून पेन्सिलीने आखा. नाणं २७ मिमीचं असतं. भोवती अडीच मिमी सोडून पुन्हा गोल काढा, ड्रिलने कडेकडेने छिद्रं पाडा, मधला तुकडा ठोकून काढा, मग कानस. वेळ लागतो, पण होतं.

गिरगाव

आमची चाळ पाडली तेव्हा दाराची एक फळी मी मागून घेतली. बर्मा टीक, खिळा ठोकला तर खिळाच वाकायचा. त्याच खोलीत आजोबांच्या तसबिरीमागे चिमण्या वर्षानुवर्षं घर करायच्या आणि आई पंखा लावू द्यायची नाही. उकाड्यात आम्ही पुठ्ठ्याने वारा घेत बसायचो. म्हणून वाटलं, त्याच दाराचं घर करू.

केलं, आणि सतराव्या मजल्यावरच्या ग्रिलला टांगलं. तीन वर्षं रिकामं. कबुतरं छपरावर बसून घाण करून जायची तेवढीच. एकदा वाण्याकडे उभा होतो. गहू सांडलेला, चिमण्या पायात घुटमळत होत्या. तेव्हा डोक्यात आलं, आपण घर बांधलं पण जेवणाच्या ताटापासून सतरा मजले वर. वाण्याला विचारून त्याच्या शेडखाली, शटरपासून हात-दीड हात लांब लावलं. महिन्याभरात काड्या जायला लागल्या. आता दुकानात शिरण्याआधी मान वर होते. आईला फोटो दाखवला तर म्हणाली, “वाण्याला सांग, पंखा बघून लाव.”

बोरिवली

सोसायटीने नोटीस लावली: सामाईक भिंतीवर खोके टांगू नयेत. काढलं. बुलबुलांनी दरम्यान मनीप्लांटात वाटी विणली, त्यांना खोका कधीच नको होता. बुलबुल, शिंपी, शिंजीर यांच्यासाठी खोका करू नका, झाड लावा.

पुन्हा पार्ले

मुलुंडकर काका, तुमच्या मापाने नवं केलं. चुलत भावाच्या कारखान्यातली क्रेट, शिक्का ‘एचटी’च. पहिल्या कापात चार फूट फळी अर्धा इंच कमी पडली, म्हणून तळ साडेचारऐवजी चार झाला आणि दोन्हीकडे फट राहिली. पाणी निथळायला बरी, म्हणून तशीच ठेवली. ट्यूबची पट्टी मात्र पंक्चरवाल्याने फुकट दिली आणि वर विचारलं, “कशाला?” सांगितल्यावर त्याने स्वतःच नीट सरळ कापून दिली.

काल एक नर चिमणा भोकात डोकं घालून गेला. आत शिरला नाही. मांजर बाल्कनीत कोंडून ठेवली आहे, ती माझ्याशी बोलत नाही.