सार्वाशला जाताना बॅगेत काय न्यावे?

बाबा (ठाणे): सर्वांना शालोम. हंगेरीतील सार्वाश येथे उन्हाळ्यात भरणाऱ्या ज्यू मुलांच्या आंतरराष्ट्रीय शिबिरासाठी आपल्या लेकीची निवड झाली असून व्हिसाकरिता आम्हा दोघांचे संमतीपत्र नोटरी करून दिले आहे. वीसहून अधिक देशांतील मुले येणार असल्यामुळे मुंबईच्या गटाने आपली ओळख कशी करून द्यावी, यावर आपली मते हवी आहेत. मी हिंदी गाण्यावरचा नाच सुचवला, तेव्हापासून आपल्या आईने अबोला धरला आहे.

काका (अलिबाग): दादा, आईचा राग रास्त आहे. नाच कोणीही करील. आपली, म्हणजे कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंची, गोष्ट नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजापासून आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून सुरू होते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावाने आपल्याला ‘शनिवार तेली’ म्हटले, हेही तिने सांगावे. शक्य असल्यास एलियाहू हनावी या प्रेषिताच्या नावाने मलिद्याचा नैवेद्य करावा. पोहे, साखर आणि पाच फळे तिथेही मिळतील, प्रश्न फक्त ओल्या नारळाचा आहे.

आत्या (अश्दोद, इस्रायल): नारळापेक्षा मोठा प्रश्न स्वयंपाकघराचा आहे. ते कोशर, म्हणजे ज्यू आहारनियमांनुसार चालणारे, असल्याने बाहेरचे अन्न आत नेता येणार नाही, तेव्हा मलिद्याचा आग्रह नको. शिवाय हे शिबिर मुळात कोणासाठी उभे राहिले, हे आपण लक्षात घ्यावे. 1944 च्या मे ते जुलै या काळात हंगेरीतून 4 लाखांहून अधिक ज्यूंना, बहुतेकांना थेट ऑशविट्झच्या नाझी मृत्युछावणीत, धाडण्यात आले. जे वाचले त्यांच्यापैकी कित्येकांनी पुढे कम्युनिस्ट राजवटीत आपण ज्यू असल्याचे मुलांपासूनही लपवले. ती राजवट कोसळल्यावर 1990 मध्ये जॉइंट ही अमेरिकन ज्यू मदतसंस्था आणि रोनाल्ड लॉडर यांचे प्रतिष्ठान यांनी हे शिबिर सुरू केले, ते आजी-आजोबांकडून न मिळालेले नातवंडांना मिळावे म्हणून. तिथे आपल्या मुलीने नुसते ‘आम्ही भारतात सुखाने राहिलो’ असे मिरवू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. आपल्यालाही 1964 पर्यंत इस्रायलमध्ये, आपल्याच लोकांत, विवाहासाठी ज्यूपण सिद्ध करावे लागले होते. त्याविरुद्ध आपल्या लोकांनी धरलेल्या धरण्यांच्या आठवणी माझ्या सासूबाई आजही सांगतात.

आजी (ठाणे): काळ्या मनुका द्या. सीलबंद पाकीट असावे. शुक्रवारी किद्दुशला, म्हणजे शब्बाथच्या पेल्यावरील प्रार्थनेला, आपण वाइन न घेता मनुकांचे शरबत घेतो, हे त्या मुलांना कुठे ठाऊक असणार? मलिद्याचे नंतर पाहता येईल.

(तीन आठवड्यांनंतर)

मी (सार्वाश): सर्वांना शालोम. नेटवर्क फक्त नदीकाठी येते, म्हणून उशीर झाला. स्वयंपाकघराच्या पर्यवेक्षकांनी पाकिटावरचा मजकूर दोनदा वाचून परवानगी दिली. शुक्रवारी दुपारी मी मनुका भिजत घातल्या, संध्याकाळी हाताने कुस्करून मलमलच्या रुमालातून गाळल्या, आणि तांबूस पाण्याचा तो पेला टेबलावर ठेवला, तेव्हा रोमानियाच्या मुलाने तो चहा समजून साखर मागितली. किद्दुशचे शब्द मात्र सर्वांना येत होते. चाल तेवढी माझी वेगळी पडली.

रात्री माझ्या खोलीतील बुडापेस्टच्या मुलीने विचारले, “तू ज्यू आहेस हे तुला कधी कळले?” प्रश्नच मला समजेना. तिला बाराव्या वर्षी कळले होते, आजीच्या कपाटात सापडलेल्या एका कागदावरून. मी तिला सांगितले की आमच्याकडे शेजारच्या देशपांडे काकूंनाही ठाऊक असते, कारण दारफाळणीच्या, म्हणजे योम किप्पूरच्या, उपासाला त्या आम्हाला दुपारी हाक मारत नाहीत. ती हसली, आणि नंतर बराच वेळ गप्प राहिली. मीही मग बोलले नाही. आत्या, तुझे म्हणणे तेव्हा आठवले.

आत्या (अश्दोद): तिचा पत्ता घेऊन ठेव. हिवाळ्यात ती इस्रायलला आली, तर आमच्याकडे उतरेल.

आजी (ठाणे): पाणी तांबूसच कसे राहिले? मनुका किती वेळ भिजवल्या होत्यास?