आईचे पाय रात्री एका जागी राहत नाहीत, कारण काय असेल? (मदत हवी आहे)

पेडणे_फाटा
नमस्कार. आई अंथरुणावर पडली की पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळतं म्हणते. पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, मग उठून पडवीत फेऱ्या मारते. चाललं की थांबतं, पडलं की परत सुरू. पावसाळा लागल्यापासून धड झोप नाही. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं नॉर्मल आहे म्हणाले आणि कॅल्शियम दिलं. त्याने काडीचा फरक नाही. चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आली आहे आणि ती दिवसभर पेंगलेली असते. याला रेस्टलेस लेग म्हणतात एवढं शोधून काढलं. हे कशाने होतं आणि काय द्यायचं, नेमकं सांगा. "डॉक्टरांना दाखवा" एवढंच लिहू नका, दाखवून झालं आहे.

आबोली
वय किती? साखर, बीपी, थायरॉईड, किडनी यांपैकी काय आहे? रोजच्या गोळ्या कोणत्या? आणि "सगळं नॉर्मल" म्हणजे काय काय तपासलं, त्याचे आकडे द्या. याशिवाय कोणी काही सांगितलं तर तो अंदाज असेल.

पोरसू
मॅग्नेशियम सुरू करा. रात्री झोपताना मॅग्नेशियम ग्लायसिनेट. स्नायू सैल पडतात, झोपही लागते. सोबत रोज एक केळं.

घुमट
पोरसू, केळं आणि मॅग्नेशियम लोक नस चढण्यावर सुचवतात. इथे लिहिलेलं वेगळं आहे. नस चढते तेव्हा पोटरीत दगडासारखा गोळा येतो, कळ येते, पाय ताणला की सुटते आणि मग माणूस झोपतो. रेस्टलेस लेगमध्ये गोळा नसतो, हलवण्याची ओढ असते. ती बसल्या-पडल्या वाढते, हालचाल चालू असेतो कमी होते, आणि संध्याकाळ-रात्री जोर करते. या सगळ्या खुणा जुळल्या आणि दुसरं कारण सापडलं नाही, तरच हे नाव लावायचं.
पेडणे_फाटा, तळपायांची आग होते का, मुंग्या येतात का? आणि दिवसा खुर्चीत तासभर बसल्यावर काय होतं?

पेडणे_फाटा
आग नाही. सकाळी काही नाही. संध्याकाळी टीव्हीसमोर बसली की सुरू होतं. वय ६३. साखर आहे पण कंट्रोलमध्ये आहे, तिचा पायांशी काय संबंध? हिमोग्लोबिन १२.२, म्हणजे रक्त व्यवस्थित आहे. थायरॉईड नॉर्मल. उपाय सांगा ना कोणीतरी.

सुरंगी
हिमोग्लोबिनवरून या आजारात काहीच ठरत नाही. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी, केली आहे का? नसेल तर फेरिटिन, सीरम आयर्न (रक्तातलं लोह) आणि टीआयबीसी (रक्त किती लोह वाहू शकतं ते) एकत्र करून घ्या.

डोंगरवाट
पायांच्या शिरा फुगल्या आहेत का बघा. व्हेरिकोज व्हेन्सचं आता लेसरने होतं, डॉपलर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) करून बिघडलेली झडप शोधतात आणि शीर आतून बंद करतात. त्याच दिवशी घरी सोडतात. नंतर काही दिवस स्टॉकिंग घालावं लागतं.

आबोली
डोंगरवाट, शिरांबद्दल कोणी विचारलं नाही. शिरांचं दुखणं दिवसभर उभं राहून वाढतं आणि पाय वर ठेवून पडलं की उतरतं. इथे नेमकं उलट आहे.

पेडणे_फाटा
फेरिटिन केलेलं आहे, पानामागे होतं. फेरिटिन ३८, बाजूला नॉर्मल १३ ते १५० छापलं आहे. सीरम आयर्न ४८, टीआयबीसी ३९०. म्हणजे नॉर्मलच झालं. तेव्हा तिला तापही होता, म्हणून तर रक्त काढलं होतं.

सुरंगी
हे आधीच द्यायला हवं होतं. सावकाश वाचा.

१३ ते १५० हा छापील पट्टा सर्वसाधारण माणसांसाठी आहे. रेस्टलेस लेगसाठी उंबरठा वेगळा: फेरिटिन ७५ किंवा त्याखाली असेल, किंवा ट्रान्सफरिन सॅच्युरेशन (लोह वाहणाऱ्या प्रथिनाचा किती भाग भरलेला आहे ते) २० टक्क्यांच्या खाली असेल, तर लोह द्यावं असं झोपविकारांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. सॅच्युरेशन घरीही काढता येतं, सीरम आयर्नला टीआयबीसीने भागून शंभराने गुणा. ४८ भागिले ३९०, साधारण १२ टक्के. दोन्ही निकषांनी लोह कमी आहे.

शिवाय तापात काढलेलं फेरिटिन फसवं असतं. शरीरात दाह असला की ते वर जातं, डेंग्यूमध्ये तर प्रचंड चढतं. म्हणजे ३८ हा फुगलेला आकडा असू शकतो. ताप उतरून काही आठवडे गेले की सकाळी उपाशीपोटी पुन्हा करा.

लोहाचा पायांशी संबंध असा: मेंदूत डोपामिन (हालचालींवर ताबा ठेवणारं रसायन) तयार करणाऱ्या एन्झाइमला लोह लागतं. रक्तातलं लोह ठीक दिसत असतानाही मेंदूतलं कमी असू शकतं. रक्तातलं लोह आणि डोपामिनचा जोर दोन्ही दिवसाच्या वेळेप्रमाणे खालीवर होतात आणि संध्याकाळनंतर उतरतात. सकाळी आई ठीक आणि टीव्हीसमोर अस्वस्थ, हे त्याच्याशी जुळतं.

पोरसू
मग गोळ्या कशाला? तांबडी भाजी, नाचणीचं आंबील, गूळ, आणि वर सोलकढी. सोलांच्या आंबटपणाने लोह लागतं.

सुरंगी
तांबड्या भाजीतलं लोह शरीरात फार थोडं शोषलं जातं. नाचणीत लोहापेक्षा कॅल्शियम जास्त, आणि त्यातली फायटेट्स लोहाला अडवतात. सोलांचा आंबटपणा मुख्यतः हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लाचा आहे, आंबट म्हणजे क जीवनसत्त्व असं नाही. त्यापेक्षा लिंबू पिळा किंवा पेरू खा. खाणं चालू ठेवाच, पण फेरिटिन इतकं खाली असताना नुसत्या जेवणाने ते ७५ च्या वर नेणं कठीण आहे.

रापण
तिसऱ्यांत आणि खुब्यांत (खाण्याच्या शिंपल्यांत) लोहही आहे आणि बी १२ तर भरपूर. शाकाहारी नसाल तर भाजीपेक्षा ते बरं. पावसाळी मासेमारीची बंदी उठली की बाजारात येतील.

घुमट
बंदी ट्रॉलरांची, १ जून ते ३१ जुलै. तिसऱ्या नदीतल्या, त्यांचा त्या बंदीशी संबंध नाही. पावसात कमी मिळतात ते पाण्याला ओढ असते म्हणून.

रापण
मी मासळीबद्दल म्हणत होतो. असो.

आबोली
मूळ प्रश्नाकडे या. पेडणे_फाटा, गोळ्यांची नावं अजून आलेली नाहीत. पाकिटं हातात घेऊन मागची नावं अक्षरशः उतरवा. "गॅसची", "साखरेची" असं नको.

पेडणे_फाटा
साखरेची मेटफॉर्मिन ५००, दोन वेळा, बरीच वर्षं. बीपीची टेल्मिसार्टन ४०. गॅसची कॅप्सूल सकाळी उपाशीपोटी, तिच्यावर पँटोप्राझोल ४० आणि लेवोसल्पिराइड ७५ असं आहे. जूनमध्ये दुसऱ्या डॉक्टरांनी दिली, ती चालूच आहे. सर्दीची गोळी रात्री, हल्ली बऱ्याचदा, कारण तिने झोप येते. तिच्यात क्लोरफेनिरामिन आणि पॅरासिटामॉल. गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक, दुखेल तेव्हा.

आबोली
लेवोसल्पिराइड! ही पोटाची गोळी म्हणून दिली जाते, पण ती डोपामिनचा मार्ग अडवते आणि मेंदूपर्यंतही पोचते. रेस्टलेस लेग उठवणाऱ्या आणि वाढवणाऱ्या औषधांत मेंदूत डोपामिन अडवणारी येतात: मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन, मानसिक आजारांवरची बरीच औषधं. वयस्कांत लेवोसल्पिराइडने हात थरथरणं आणि चाल मंदावणंही होतं, तेही बघा. कॅप्सूल जूनमध्ये लागली, त्रास पावसाळा लागल्यापासून. हा योगायोग गृहीत धरू नका.

दुसरी चूक रात्रीची सर्दीची गोळी. क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन, डायफेनहायड्रामिन ही झोप आणणारी अँटिहिस्टामिनं (ॲलर्जीची औषधं) पायांची ओढ वाढवतात. माणूस झोपेसाठी घेतो आणि पाय आणखी जागवतात, म्हणून पुन्हा घेतो. ॲलर्जी असलीच तर फेक्सोफेनाडिन मेंदूत जवळजवळ जात नाही, डॉक्टरांना तसं विचारा.

नैराश्यावरच्या आणि झोपेच्या काही गोळ्या, ॲमिट्रिप्टिलिन, मिर्टाझापिन, एस्सिटालोप्राम, यांनीही हे होतं. "नसांसाठी" म्हणून ॲमिट्रिप्टिलिन सहज दिलं जातं, त्यामुळे कोणी आता ते सुचवलं तर आधी पायांचं सांगा.

पेडणे_फाटा
मग उद्यापासून सगळ्या बंद करतो.

आबोली
नाही. साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्यांना हात लावू नका. सर्दीची गोळी झोपेसाठी घेणं आजच थांबवा. कॅप्सूल ज्यांनी दिली त्यांना फोन करा आणि लेवोसल्पिराइडशिवाय चालेल का विचारा. नुसतं पँटोप्राझोल तेवढ्याच डोसचं मिळतं.

रापण
एवढा खटाटोप कशाला? प्रॅमिपेक्सोल ०.१२५, झोपण्याच्या दोन-तीन तास आधी अर्धी किंवा एक. पहिल्याच रात्री फरक दिसतो.

घुमट
पहिल्या रात्री दिसतो, पुढे काय होतं तेही लिहा. डोपामिनसारखी औषधं महिनोन्महिने घेतली की आजार उलटून वाढतो. आधी रात्री दहाला सुरू होणारी ओढ सहाला, मग दुपारी सुरू होते, हातांतही येते, आणि डोस वाढवावा तसं बिघडत जातं. म्हणून नव्या सूचनांत ही औषधं पहिली निवड राहिलेली नाहीत. जुगाराची किंवा खरेदीची अनावर ओढ लागणं हाही त्यांचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. आणि इथे तर एक औषध डोपामिन अडवतंय, त्यावर वाढवणारं दुसरं देण्यात काय अर्थ?

औषध लागलंच तर आता गॅबापेंटिन किंवा प्रीगाबालिन आधी बघतात. तेही क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) पाहून, कारण ती किडनीवाटे बाहेर पडतात, आणि ६३ व्या वर्षी चक्कर येऊन रात्री पडण्याची भीती असते.

रापण
थोडे दिवस दिलं तर काही होत नाही.

घुमट
थोडे दिवस कुठे संपतात हे कोणी सांगत नाही, तिथेच गोची आहे.

सुरंगी
या वादापेक्षा महत्त्वाचं सुटतंय. ६३ व्या वर्षी, पाळी बंद झाल्यावर, बाईचं लोह जातं कुठे? लोह देऊन विषय मिटवायचा नाही. तीन गोष्टी समोर आहेत. डायक्लोफेनॅकने पोटात जखमा होऊन थेंबथेंब रक्त जाऊ शकतं, ते शौचात डोळ्यांना दिसत नाही. पँटोप्राझोल दीर्घकाळ घेतलं तर पोटातलं आम्ल कमी होऊन लोह शोषलं जात नाही. आणि या वयात आतड्याचा कर्करोग नाही याची खात्री करावीच लागते. शौचातलं न दिसणारं रक्त तपासा, पण ती तपासणी ठीक आली म्हणून थांबू नका. एंडोस्कोपी आणि कोलोनोस्कोपीबद्दल स्पष्ट विचारा. मूळव्याध आहे का, वजन उतरलं का, शौचाची सवय बदलली का?

मेटफॉर्मिन बरीच वर्षं म्हणजे बी १२ बघायलाच हवं, ते कमी होतं आणि नसा बिघडतात. साखरेचा संबंध काय, असं विचारलं होतं ना, तो हा. शिवाय साखरेने नसा आणि किडनी दोन्ही बिघडतात, आणि किडनीचा जुना आजार हे रेस्टलेस लेगचं ठळक कारण आहे. क्रिएटिनिन आणि ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा आकडा) लिहा.

पेडणे_फाटा
वजन थोडं उतरलंय, आम्हाला वाटलं झोप नाही म्हणून. मूळव्याध नाही. क्रिएटिनिन ०.९. बी १२ केलेलं नाही. माझ्या आजीलाही असंच व्हायचं, मावशी आठवण काढत होती. ते महत्त्वाचं आहे का?

घुमट
आहे. हा आजार घराण्यात चालतो. तुमच्या आईला कदाचित तो कल आधीपासून असेल, लोह कमी झालं, कॅप्सूल लागली आणि उफाळला. एकच कारण शोधत बसू नका. वजन उतरणं आणि लोह कमी असणं एकत्र आलं आहे, त्यामुळे सुरंगी म्हणतात ती पोटाची तपासणी चवथीनंतरवर टाकू नका.

पेडणे_फाटा
ठीक आहे. लोहाची गोळी कोणती, किती, कशी? बाजारात आधीच फेरस ॲस्कॉर्बेट घेऊन आलो.

सुरंगी
पाकीट बघा. बहुतेकांत १०० मिलिग्रॅम लोहासोबत १.५ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. बी १२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आत चालू राहतं. म्हणून आधी बी १२ साठी रक्त द्या, मग गोळी.

डॉक्टरांनी होकार दिला की एक गोळी, एकाआड एक दिवस, सकाळी. एका डोसनंतर हेपसिडिन नावाचं द्रव्य वाढतं आणि साधारण दिवसभर पुढचं लोह अडवतं, म्हणून रोज दोन घेऊन दुप्पट लागत नाही, पोट मात्र बिघडतं. चहा, दूध आणि ते कॅल्शियम दोन तास लांब. कॅल्शियम लोहाला सरळ अडवतं, तेव्हा ते हवं आहे का हेच विचारा. शौच काळं होईल, ते लोहाने. पण डांबरासारखं चिकट आणि दुर्गंधी असेल तर ते रक्त, त्याच दिवशी इस्पितळात.

तीन महिन्यांनी फेरिटिन पुन्हा. पँटोप्राझोल सोडता येत नसेल किंवा आकडा हलला नाही, तर शिरेतून फेरिक कार्बोक्सिमाल्टोज देतात. तेही इस्पितळातच, आणि फरक पडायला काही आठवडे लागतात. सॅच्युरेशन ४५ टक्क्यांच्या वर असणाऱ्याने लोहाला हातही लावू नये, हे इथे वाचून स्वतः गोळ्या सुरू करणाऱ्या बाकीच्यांसाठी.

पोरसू
आज रात्रीपुरतं काय? तेलाने चोळून पोटरी घट्ट फडक्याने बांधायची, आमच्याकडे सगळे करतात.

आबोली
चोळायला हरकत नाही. साखरेच्या माणसाला घट्ट बांधू नका, पायातला रक्तप्रवाह कमी असेल तर जखम होते. गरम पाण्यात पाय ठेवायचे तर पाणी दुसऱ्याने कोपराने बघायचं, तिला भाजलेलं कळेलच असं नाही. संध्याकाळचा चहा-कॉफी बंद, संध्याकाळी अर्धा तास चालणं, झोपण्याआधी पोटऱ्या ताणणं. रात्री उठली तर पडवीत दिवा असू दे आणि पावसाचं पाणी पुसलेलं असू दे.

पेडणे_फाटा
कॅप्सूल देणाऱ्या डॉक्टरांशी बोललो. लेवोसल्पिराइड बंद करा म्हणाले. उद्या बी १२ आणि लोह दोन्हीसाठी रक्त देणार, नंतर बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) पोटाचं आणि न्यूरोलॉजीचं दाखवणार. आता काही राहिलं का?

सुरंगी
रक्त द्यायला उपाशी जा, आणि लोहाची गोळी आदल्या दिवशीही द्यायची नाही, नाहीतर सीरम आयर्न खोटं वर दिसेल. ताप येऊन किती दिवस झाले ते लॅबच्या कागदावर लिहून घ्या. डायक्लोफेनॅक बंद, गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल किती चालेल ते विचारा. गोमेकॉत जाताना गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, रिकामी झालेलीसुद्धा.