फ्लोरिडातील वाळूवरचे झुडपी रान भरपूर पावसातही खुरटे का?

माळकरी, सोलापूर:
नमस्कार. फ्लोरिडाच्या मध्यभागी लेक वेल्स रिज नावाची वाळूची उंच धार असून तिच्यावरचे झुडपी रान अतिप्राचीन मानले जाते. सोलापूरला वर्षाकाठी ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे नान्नजचे माळरान खुरटे असणे समजते. परंतु तिथे याच्या दुपटीहून अधिक पाऊस पडूनही ओक माणसाच्या उंचीचेच कसे राहतात? ते मुळात तोडलेले जंगल असावे काय?

गारगोटी:
तोडलेले जंगल नव्हे. कारण जमिनीत आहे. ॲपलेशियन पर्वत झिजून निघालेली गारेची वाळू नद्यांनी आणि किनाऱ्यालगतच्या प्रवाहांनी दक्षिणेकडे आणली. समुद्राची पातळी आजच्यापेक्षा उंच होती तेव्हा भोवतालचा सखल प्रदेश पाण्याखाली होता आणि ही धार बेटांसारखी वर राहिली. म्हणूनच जगात अन्यत्र न आढळणाऱ्या कित्येक वनस्पती तिथे आहेत. आपली काळी माती पाणी धरून फुगते. त्या वाळूत चिकणमातीचा अंश जवळजवळ नाही, त्यामुळे पावसाचे पाणी आणि त्यासोबत पोषणद्रव्येही सरळ खाली निघून जातात.

रानवाटा:
यात वणव्याची भर घालतो, कारण माझ्या मते तोच निम्मा उलगडा आहे. विजा पडून लागणाऱ्या आगीत ओकचा वरचा भाग जळतो, पण जमिनीखालच्या खोडामुळांतून तो पुन्हा फुटतो. तिथली रोझमेरी मात्र (स्वयंपाकातली नव्हे) जळून मरते आणि वाळूत पडून राहिलेल्या बियांतून नव्याने उगवते. ‘स्क्रब-जे’ नावाच्या निळ्या पक्ष्याला असेच बुटके ओक आणि मधली उघडी वाळू लागते, कारण तो ओकची फळे वाळूत पुरून ठेवतो. आग बराच काळ रोखली की झाडे वाढतात, उघड्या जागा बुजतात आणि पक्षी तिथून नाहीसा होतो. आर्चबोल्ड संशोधन केंद्राच्या परिसरात १९६९पासून या पक्ष्यांचा अभ्यास चालू आहे.

माळकरी:
आभारी आहे. मग आपल्या माळरानालाही आग हितकारक ठरेल काय?

गारगोटी:
तसा अर्थ कृपया काढू नये. आपले माळ बेसाल्टवरच्या उथळ मुरमाचे आहेत आणि तिथले गवत काळवीट व गुराढोरांच्या चराईसोबत वाढत आले आहे. शिवाय माळढोक, चंडोल यांची घरटी थेट जमिनीवर असतात. साम्य असेलच तर दुर्लक्षाचे: तिकडे निचऱ्याची जमीन म्हणून या रानाचा मोठा भाग संत्र्याच्या बागांखाली गेला, इकडे पडीक समजून माळावर झाडे लावली जातात.